नवापूरला शेडला शेड लागून, आमच्याकडे दहा गावांत एक नाही. असं का?

बोरीकाठ (पारोळा)

रामराम मंडळी. धागा जरा लांब होईल, पण विषय डोक्यातून जात नाही.

भाच्याला पोल्ट्री टाकायची आहे. पाच हजार ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं शेड. जागा माझी, बांधापलीकडची पडीक पाऊण एकर. पैसा थोडा त्याचा, बाकी बँकेचा. कपाशीने आणि बोंडअळीने आम्हाला दमवलंय, त्यामुळे पोरगं दुसरं काही बघतंय यात त्याचं चुकत नाही. मी म्हटलं, आधी चालू शेडं बघून येऊ. मागच्या महिन्यात मोटारसायकलने निघालो. धुळे, कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडी आणि नवापूर.

जाताना एक खेळ केला. रस्त्यावरून दिसतील तेवढी शेडं भाचा मागे बसून मोजत होता. पारोळा ते धुळे दोन, त्यातलं एक बंद, पत्रे उडालेले. धुळे ते साक्री चार-पाच. साक्रीच्या पुढे आकडा वाढायला लागला. घाट उतरल्यावर नवापूरच्या अलीकडे-पलीकडे त्याने मोजणं सोडून दिलं. तीन-तीन मजली पिंजऱ्यांची लेयर शेडं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, एकाच्या मागे एक.

आपण खान्देश एक म्हणतो. १९०६ साली इंग्रजांनी पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे केले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला, तरी बोली एक, बाजार एक. मग कोंबडीचा धंदा एका कोपऱ्यातच का साचला? मका पिकतो आमच्याकडे, शिरपूर-शिंदखेड्याकडे, चोपडा-अमळनेरकडे. अंड्याचे ट्रे मात्र आमच्या पारोळ्याच्या दुकानात बाहेरून येतात. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, पेटी कधी नवापूरची, कधी थेट हैदराबादकडची.

जाणकारांनी सांगावं. नवापूरमध्ये असं काय आहे जे आमच्याकडे नाही? आणि जे नाही ते नसताना मी पोराला शेड टाकू द्यावं का?

नवापूर_लेयर

भाऊ, तुम्हनं म्हननं बराबर शे, दाटी आहेच. वडिलांनी दोन हजार पक्ष्यांपासून सुरुवात केली, आज भावाभावांचे मिळून तीन शेड आहेत, म्हणून थोडं सांगू शकतो.

पहिलं कारण सुरत. सकाळी भरलेली गाडी दुपारच्या आत सुरतेत रिकामी होते. अंडं फुटणारा माल. रस्ता जितका लांब तितकी तूट, उन्हाळ्यात तर अंडं वाटेतच उतरतं. आणि सुरतेत खाणारा कोण? कापड गिरण्यांतला, हिऱ्याच्या कारखान्यातला कामगार. ओडिशाचा, युपी-बिहारचा, आणि लिंबायत-उधना-पांडेसऱ्यात राहणारा आपलाच खान्देशी माणूस. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. धंदाही तसाच आहे, शेड या राज्यात आणि गिऱ्हाईक त्या राज्यात.

दुसरं कारण भात. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे पाऊस जास्त, भात पिकतो, भाताच्या गिरण्या आहेत. गिरणीतला कोंडा खाद्यात जातो, तूस शेडमध्ये अंथरायला. तुमच्याकडे हे दोन्ही विकत आणायचं, त्यावर भाडं.

तिसरं, एकाचं बघून दुसऱ्याने केलं. औषधाचं दुकान, पिंजरे जोडणारा वेल्डर, चोच कापणारी टोळी, अंड्याचा व्यापारी, जुन्या कोंबड्या उचलणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. नवा माणूस तिथेच शेड टाकतो जिथे हे सगळं आधीपासून आहे.

आता दाटीची दुसरी बाजू. १८ फेब्रुवारी २००६, शनिवार. त्याआधी कित्येक दिवस पक्षी मरत होते आणि आम्ही सगळे राणीखेत, कोंबड्यांचा नेहमीचा साथरोग, समजून औषधं देत होतो. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि देशातला पहिला बर्ड फ्लू म्हणून आमच्या गावाचं नाव टीव्हीवर झळकलं. तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचा हुकूम. मी तेव्हा बारावीत होतो. पांढरे कपडे घातलेली माणसं शेडमध्ये शिरली, जेसीबीने खड्डे खणले, आणि संध्याकाळी शेड शांत झालं. त्या शांततेत माझी आई अंगणात बसून होती, जेवली नाही. हद्दीपलीकडे गुजरातेतल्या उच्छलमध्येही तेच. माणसांचे नमुने तपासले, एकालाही लागण निघाली नाही, पण आमच्या पोरांना बाहेरगावच्या कॉलेजात महिनाभर कुणी शेजारी बसू देत नव्हतं.

पुन्हा उभे राहिलो. फेब्रुवारी २०२१ ला परत तेच. तेव्हा आठ आठवड्यांवरच्या लेयरला ९० रुपये भरपाई होती. माझा पक्षी अंड्यावर येईपर्यंत अडीचशेच्या पुढे पडलेला. हिशोब तुम्हीच करा. या दोन्ही वेळा एका शेडचा रोग दुसऱ्या शेडला चालत गेला असं नाही म्हणणार, पण शेडं पाव-पाव किलोमीटरवर असली की एकाला लागलं म्हणजे सगळे मारले जातात, आजारी असोत की धडधाकट.

केळीवाला_रावेर

पूर्वेकडचं मी सांगतो. आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात पाणी आहे, वीज आहे, पैसाही आहे. पण जमिनीला केळीचा भाव आहे. बागायती एकरात शेड कोण बांधेल? पडीक तुकडा आमच्याकडे उरलेलाच नाही.

दुसरं, गाव. आमच्याकडे माळकरी घरं खूप, गावाजवळ शेड म्हटलं की ग्रामसभेत विरोध होतो. मी त्यात चूक-बरोबर काढत नाही. पावसाळ्यात वास आणि माश्या होतातच, ज्याच्या दाराला लागून शेड असेल त्याला विचारा.

आणि तिसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पंचेचाळीसच्या पुढे जातं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा इलाज. आमच्या ओळखीच्या एकाने दोन हजारांचं शेड टाकलं होतं, मे मधल्या एका दुपारी वीज गेली आणि साडेतीन तासांत चारशेवर पक्षी गेले. वजनदार, विकायला आलेले. त्याने त्या शेडमध्ये आता केळी पॅकिंग सुरू केलंय.

२००६ ची झळ आमच्यालाही बसली होती. नवापूरनंतर मार्चमध्ये आमच्या जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड, साळवे इथे लागण निघाली. तिथे नवापूरसारखी मोठी शेडं नव्हती, लोकांच्या परसातल्या कोंबड्या होत्या. म्हाताऱ्या बायांनी खुराड्यातून काढून दिलेल्या मी पाहिल्यात. तेव्हापासून आमच्याकडे पोल्ट्री हा शब्दच लोकांना नको झाला.

कोंबडखत मात्र आम्हाला लागतं, केळीला उत्तम. ट्रकने बाहेरून येतं.

बोरीकाठ (पारोळा)

रावेरकर दादा, परसातल्या कोंबड्यांचं वाचून वाईट वाटलं. तुसाचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे भाताची गिरणी कुठे? भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चालेल का, कुणी वापरलाय?

शेडवाली_साक्री

दादा, टरफलं मी वापरते. चालतात, पण कोरडी आणि बुरशी नसलेली पाहून घ्या. बुरशीची टरफलं टाकली तर पिल्लांच्या छातीत बसतं. भुसा घ्याल तर जाड घ्या, बारीक भुसा पिल्लं दाणा समजून खातात.

आता तुमचा मूळ प्रश्न. लेयरचं नवापूरच्या भाऊंनी सांगितलं. ब्रॉयलरचा नकाशा शेतकरी ठरवतच नाही, कंपनी ठरवते. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध आणि सुपरवायझर कंपनीचा. आपलं शेड, पाणी, वीज, तूस आणि अंगमेहनत. कंपनीच्या डेपोपासून खाद्याची गाडी जिथवर परवडते तिथवरच ती करार करते. आमच्या साक्री-पिंपळनेरला नाशिककडून ताहराबादवरून गाड्या येतात, म्हणून इथे शेडं आहेत. तुम्ही मोजलीत ती याच कारणाने वाढत गेली. पारोळ्यात शेडं नाहीत कारण तिथे रोज जाणारी गाडी नाही, आणि गाडी नाही कारण शेडं नाहीत. एका भागात आठ-दहा शेडं एकदम तयार होत असतील तर सुपरवायझर स्वतः विचारायला येतो. एकट्या शेडसाठी कुणी येत नाही.

माझा हिशोब उघड सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पाच हजार पिल्लं, चार टक्के मरतुक धरा. ४,८०० पक्षी, सव्वादोन किलोच्या आत-बाहेर वजन, साधारण साडेदहा टन माल. किलोला सात रुपये ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याची मजुरी, मिळाला तर ७३-७४ हजार. त्यातून वीज, तूस, चुना, एक माणूस, हिवाळ्यात ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा कोळसा, उन्हाळ्यात जनरेटरचं डिझेल जाऊ द्या. पक्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जातो, मग शेड धुऊन पंधरा दिवस रिकामं. वर्षाला सहा बॅच होतील असं मला सांगितलं होतं. गेल्या वर्षी चार मिळाल्या. बाजार पडला की कंपनी पिल्लू टाकायचं लांबवते, हप्ता मात्र बँक लांबवत नाही. दोन महिने मी रिकाम्या शेडला कुलूप लावून दुसऱ्याच्या कांद्यावर गेले.

फेब्रुवारी-मार्च २०२० आठवतोय ना? कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली, लोकांनी जिवंत पक्षी फुकट वाटले, कुणी खड्ड्यात पुरले. माल कंपनीचा होता म्हणून मी पूर्ण बुडाले नाही, एवढं त्या कराराचं मला मान्य आहे. ज्यांचा स्वतःचा माल होता ते उठले नाहीत.

भाच्याला सांगा, कराराचा कागद मराठीत मागून घे. किती दिवसांत पिल्लू देणार आणि नाही दिलं तर काय, हे कागदावर असलं पाहिजे. माझ्या कागदावर नव्हतं.

मका_आडत (शिंदखेडा)

मक्याचा प्रश्न निघालाय म्हणून लिहितो. मका इथे पिकतो म्हणून कोंबडी इथे यावी हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मका पोत्यात भरून कुठेही जातो, तो खराब होत नाही. कोंबडी आणि अंडं खराब होतं. म्हणून धंदा खाणाऱ्याजवळ जातो, पिकवणाऱ्याजवळ नाही.

ताईंच्या पाच हजारांच्या बॅचला साडेसतरा टनांच्या आसपास खाद्य लागतं, त्यात निम्म्याहून थोडा जास्त मका. म्हणजे बॅचला दहाएक टन. हे माझ्या एका दिवसाच्या आवकेच्या मानाने काहीच नाही. दहा हजार लेयरला रोज अकरा क्विंटल खाद्य लागतं, तिथे मात्र मक्याचं भाडं जाणवतं. आमच्याकडच्या मक्याला दोंडाईच्याचा स्टार्चचा कारखाना आहे, खाद्याच्या गिरण्या आहेत, आता इथेनॉलवालेही आलेत. तो कोंबडीसाठी थांबून राहत नाही.

आणि नुसता मका पुरत नाही. प्रथिनासाठी सोयाबीनची पेंड लागते, ती इंदूरकडून, विदर्भ-मराठवाड्यातून येते. आपल्याकडे सरकी मुबलक, पण सरकीची पेंड लेयरला जास्त घालता येत नाही, तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने अंड्याचा बलक काळपट-हिरवा पडतो. गाई-म्हशीला ती चालते. कपाशीचा मुलूख दुधाकडे वळला आणि कोंबडीकडे वळला नाही, त्याचं एक कारण मला हे वाटतं. २०२१ ला सोयापेंडीचा भाव इतका चढला की केंद्राने १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. त्या सालात आमच्या भागातली स्वतःचं खाद्य बनवणारी दोन शेडं बंद झाली.

पाड्यावरून (धडगाव)

तुम्ही सगळे महामार्गावरचं बोलताय. नंदुरबार जिल्हा म्हटलं की नवापूरचे आकडे येतात, पण त्याच जिल्ह्यात आमचं धडगाव, अक्कलकुवा आहे. इथे एकही व्यापारी शेड मी पाहिलेलं नाही आणि तरी कोंबडी नाही असं घर नाही.

आमच्याकडे घरटी आठ-दहा कोंबड्या. अंडी विकत नाहीत, उबवायला ठेवतात. कोंबडा देवाला लागतो, पाहुण्याला लागतो, आणि पोराच्या वहीपुस्तकाला पैसे हवे असले की आठवडे बाजारात जातो. तिथे वजनकाटा नसतो. व्यापारी हातात घेऊन भाव सांगतो, तुरा आणि रंग बघून. तोच कोंबडा शहरात गावरान म्हणून दुप्पट भावाने जातो. बायांना याची कल्पना असते, पण बाजार उठायच्या आत विकायचा असतो.

राणीखेत आला की अख्खा पाडा रिकामा होतो. लस आहे, स्वस्तही आहे. पण छोट्यात छोटी कुपी शंभर पक्ष्यांची, थंड ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची. दहा कोंबड्यांची बाई ती कुपी कशी आणणार? मी दोन वर्षांपासून पाड्यावरच्या बारा घरांचा एक दिवस ठरवतो. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी घरोघर फिरतो. तेव्हापासून मर खूप कमी झाली. शेडाला अनुदान देणारी योजना इथे कुणी सांगायला आलं नाही, आणि खरं सांगू, पाच हजारांचं शेड इथे चालणारही नाही. रस्ता नाही, वीज टिकत नाही. आम्हाला लसीचा थंड डबा हवा आहे.

तापी_पशुवैद्य (निवृत्त)

पाड्यावरच्या भाऊंनी जे केलंय ते आम्ही खात्यात असताना करायला हवं होतं. मनापासून लिहितोय.

बोरीकाठ, तुमच्या प्रश्नाला दोन गोष्टी जोडतो.

एक, राज्याचं चित्र. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कोंबड्या निघाल्या, २०१२ पेक्षा थोड्या कमी. त्याच काळात देशाचा आकडा जवळपास १७ टक्क्यांनी वाढून ८५ कोटींवर गेला. वाढ दुसऱ्या राज्यांत झाली, आपण मागे राहिलो. राज्यातही धंदा पुणे, नाशिक, सांगली, रायगडकडे झुकलेला, म्हणजे मोठ्या शहरांच्या आणि उबवणी केंद्रांच्या आसपास. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद). खान्देशात एकही नाही. एक दिवसाचं पिल्लू दूरवरून उन्हातून आणायचं म्हणजे पहिल्याच दिवशी त्याचं नुकसान. नवापूरने हे सगळं सुरतेच्या जोरावर पेललं, बाकी खान्देशाला तसा जोर नाही.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. २००६ ला तीन किलोमीटरच्या आतले पक्षी मारले, दहा किलोमीटरपर्यंत पाळत. २०२१ ला मारायचं क्षेत्र एक किलोमीटरवर आणलं होतं. तुमच्या शेडापासून एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात दुसरं शेड नसेल तर शेजाऱ्याच्या रोगापायी तुमचे पक्षी मारले जाण्याची शक्यता खूप उतरते. पारोळ्याची जी उणीव तुम्ही सांगताय, शेडं विरळ असणं, तीच रोगाच्या बाबतीत तुमची ठेव आहे. नवापूरला आता कोटी रुपये दिले तरी हे अंतर मिळणार नाही. वस्तीपासून निदान पाचशे मीटर आणि विहीर-नाल्यापासून शंभर मीटर सोडा, प्रदूषण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

शेडाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सूर्य आत शिरणार नाही. रुंदी तीस फुटांच्या पुढे नेऊ नका, हवा पार होत नाही. छतावर पांढरा चुना आणि पाचट. मे महिन्यात पक्ष्यांची संख्या वीस टक्के कमी भरा. दुपारी खाद्य उचलून घ्या, पहाटे आणि रात्री द्या, कारण पचनाची उष्णता उन्हात भर घालते. एवढं केलं तर खान्देशातला उन्हाळा निघतो, मी निघालेला पाहिला आहे.

पांझराकाठ (धुळे)

डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो, विरळ शेडाचं मला पटत नाही. मी धुळ्याजवळ एकटाच आहे, अडीच हजार पक्षी. पक्षी आजारी पडला की डॉक्टर येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. व्यापारी एकट्या शेडाला भाव पाडून मागतो, कारण त्याला ठाऊक आहे की दुसरा घ्यायला येणार नाही. मालेगावचे व्यापारी जवळ म्हणून तगलोय. नवापूरच्या माणसाला बाजार फिरवून घेता येतो, मला येत नाही. दाटीतला धोका दहा-पंधरा वर्षांतून एकदा, एकटेपणाचा तोटा दर बॅचला.

नवापूर_लेयर

धुळेकर दादा, तुमचं दुःख कळतं. पण ते "एकदा" ज्याच्या दारात आलं त्याला पंधरा वर्षं मोजता येत नाहीत. मधला रस्ता आहे. आठ-दहा शेडं एकाच तालुक्यात, पण वेगवेगळ्या गावांच्या शिवारात, दीड-दोन किलोमीटरवर. गाडी एकच, व्यापारी एकच, डॉक्टर एकच. फक्त गाडी एका शेडातून दुसऱ्यात शिरण्याआधी चाकं धुतली पाहिजेत, आणि अंड्याचे जुने ट्रे शेडात घ्यायचे नाहीत. आमच्याकडे सगळ्यात जास्त ट्रे फिरतात आणि सगळ्यात कमी लक्ष ट्रेकडे असतं.

शेडवाली_साक्री

हे बरोबर. सुपरवायझर सकाळी चार शेडं फिरतो त्याच चपलांनी. मी दाराशी चुन्याचा ट्रे आणि वेगळी चप्पल ठेवली, तो पहिल्यांदा रागावला, आता निमूट बदलतो.

बोरीकाठ (पारोळा)

सगळ्यांचे आभार. काल भाच्याला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला.

मग आम्ही दोघं शिवार फिरलो. आमच्या जागेपासून वस्ती सातशे पावलांवर निघाली, म्हणून शेड बांधाच्या वरच्या टोकाला सरकवायचं ठरलं. विहीर तिकडून लांब पडते, पाईप वाढेल. एक किलोमीटरच्या आत दुसरं शेड नाही. आसपासच्या गावांतली पाच पोरं तयार आहेत असं भाचा म्हणतो, सगळे वेगवेगळ्या शिवारातले. आठ झाले की मिळून कंपनीला बोलवायचं, तोवर कर्जाचा अर्ज द्यायचा नाही. आणि पहिली बॅच उन्हाळ्यात मुळीच नाही, पाऊस पडल्यावर.

पाड्यावरच्या भाऊंना एक विचारायचं होतं. माझ्या बहिणीकडे वीस गावरान आहेत. आमच्या गल्लीतल्या घरांची मिळून शंभरच्या वर भरतील. लस कुठल्या महिन्यात द्यायची?

पाड्यावरून (धडगाव)

दादा, आम्ही उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा देतो. आधी जंताचं औषध द्या, आठवड्याने लस. ज्या दिवशी द्याल त्या दिवशी पहाटे पाच वाजता सुरुवात करा. कोंबड्या एकदा सुटल्या की हाती लागत नाहीत.